शेततळ्याचं लेबल : प्रकल्प नोंदी

२ जून २०२५, छत्रपती संभाजीनगर

नवं काम आलं. जालना जिल्ह्यात, कडवंचीच्या बाजूला द्राक्षबाग असलेलं कुटुंब आहे. खाण्याच्या द्राक्षांसोबत काही वर्षांपूर्वी थोडी वाईनची जात लावली, आता स्वतःची छोटी वाईनरी. पहिली खेप २,४०० बाटल्यांची: शेनिन ब्लां (पांढरी वाईन) १,५०० आणि शिराज (लाल) ९००. पुढचं लेबल आणि मागचं लेबल, एवढंच काम. गळ्याला काही नको, खोक्याचं नंतर बघू.

नाव ट्रेडमार्कला गेलंय म्हणून इथे लिहीत नाही. तीन अक्षरं, त्यात एक जोडाक्षर, आणि ते देवनागरीतच मोठं लावायचं. बागेचे मालक दादा आणि वहिनी, दोघांचंही हे आधीपासून पक्कं होतं. मला भांडावं लागलं नाही, हे आक्रीतच.

दादांची मागणी थोडक्यात: अजिंठा, सोनं, मोठं. "ताई, पद्मपाणी घ्या की. आपल्या मराठवाड्याचाच हाय." बोधिसत्त्व दारूच्या बाटलीवर घ्यायचा नाही, हे मी तिथल्या तिथे सांगितलं. लोकांच्या श्रद्धेचा विषय आहे आणि धार्मिक भावना दुखावणाऱ्या चिन्हाला ट्रेडमार्क कायद्यातही नोंदणी मिळत नाही. दादा जरा थांबले आणि म्हणाले, "मग मकबरा?" म्हणजे बाटलीवर थेट कबर. वैधानिक इशारा छापायचाच आहे, त्यात चित्राची भर कशाला!

गंमत म्हणजे अजिंठ्याच्या पहिल्या लेण्याच्या छतावर परदेशी टोप्या घातलेली मंडळी पेले घेऊन बसलेली रंगवली आहेत. तेवढा मोह क्षणभर झाला. पण अजिंठा इथल्या रिक्षांवर, लॉजच्या पाट्यांवर, लग्नपत्रिकांवर इतका झिजलाय की दुकानाच्या फळीवर तो या बागेचा वाटणार नाही. दादांना म्हटलं, आधी बाग बघते.

वहिनींनी निघताना एकच विचारलं: "एका लेबलला किती पडंल?" हिशोब त्यांच्याकडे आहे, हे लक्षात ठेवायचं.

६ जून

बागेवर जाऊन आले. वेलींचे फोटो काढले, पण डोक्यात राहिलं ते शेततळं. या भागात शेततळी शेकड्यांनी आहेत, पाणलोटाचं काम झाल्यापासून द्राक्ष तगलं ते त्यांच्यावर. जूनच्या सुरुवातीला तळं जवळजवळ रिकामं होतं. काळ्या अस्तरावर पाणी जिथे जिथे थांबलं होतं तिथे गाळाची एकेक रेघ. काठावर उभं राहून खाली बघितलं की चौकोनात चौकोन, त्यात आणखी चौकोन.

दादा सहज बोलून गेले, "ही रेघ दिसायलीय ना, इथवर होतं पाणी फेब्रुवारीत, माल काढला तेव्हा. बारा फूट." तळं वीस फुटी आहे. ही रेघ म्हणजेच त्या सालाची वाईन. वाईनवाले साल छापतात, आम्ही साल छापूच, शिवाय त्या सालाचं पाणीही छापू. दहा चौकोन, दर चौकोन दोन फुटांचा. तळातून सहावा चौकोन सोनेरी. पुढच्या वर्षी पाणी नऊ फूट असलं तर सोनेरी रेघ आत सरकेल.

दादांना लगेच पटलं असं नाही. "तळं काय बघायचं त्याच्यात," असं म्हणाले. मी त्यांना फ्रान्सच्या शातो मूतों रॉथशिल्डची गोष्ट सांगितली. १९४५ पासून ते दरवर्षी नव्या चित्रकाराकडून लेबलचा वरचा भाग करून घेतात. १९७३ च्या लेबलवर पिकासो आहे, २००९ चं मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांचं आहे. लोक ती लेबलं जमवतात. "आपल्याला चित्रकार परवडायचा नाही," मी म्हटलं, "पण पाणी दरवर्षी फुकटात बदलतं." यावर वहिनी हसल्या. म्हणजे मंजूर.

(शेततळ्याच्या ५०० मायक्रॉनच्या प्लॅस्टिकला इकडे सगळे 'कागद' म्हणतात. "यंदा कागद बदलायचाय." आणि मी लेबलच्या कागदाविषयी बोलत होते. पाच मिनिटं आम्ही दोघं दोन वेगळ्या कागदांवर चर्चा करत होतो.)

११ जून

बाटली हातात आली. सरळ खांद्याची, बोर्दो घाटाची, ७५० मिली, गडद हिरवी. लेबलचं डिझाईन स्क्रीनवर सुरू करू नये, बाटलीला कागदाची पट्टी गुंडाळून सुरू करावं, हे मी एकदा हात पोळून शिकलेली आहे.

व्यास ७५ मिमी, म्हणजे घेर साधारण २३५ मिमी. पण तीन ठिकाणी कॅलिपर लावला तर वर आणि खाली सारखा नाही, वरच्या बाजूला किंचित निमुळती. फरक अर्ध्या मिलिमीटरचा असला तरी उंच लेबलच्या वरच्या कडेला सुरकुती पडायला तेवढा पुरतो. म्हणून लेबल खांद्यापासून आणि बुडापासून दूर, मधल्या सरळ भागातच. पुढचं लेबल ९० बाय १००, मागचं ७० बाय ९५. कोपऱ्यांना ३ मिमीची गोलाई. टोकदार कोपरा सगळ्यात आधी उचलतो.

खरी मजा गोलाईची. ९० मिमीचं लेबल या बाटलीवर चिकटवलं की समोरून जेमतेम ७० मिमी रुंद दिसतं, कडेचं सगळं वळणावर जातं. आणि मधल्या ६० मिमीत काढलेलं चित्र समोरून ५४ मिमीचं दिसतं. तळं स्क्रीनवर चौरस काढलं तर बाटलीवर उभं, अरुंद दिसेल. म्हणून ६० बाय ५४ काढलं. स्क्रीनवर आडवं, फतकल मारून बसलेलं दिसतंय. बाटलीवर चौरस.

नाव तळ्याच्या वर. तिसऱ्या अक्षराची वेलांटी उजवीकडे वळणावर निसटत होती, म्हणून अक्षरांमधलं अंतर कमी केलं. शिरोरेषा सलग ठेवली, कारण गोल बाटलीवर तीच डोळ्याला धरून ठेवते.

१८ जून

मागचं लेबल. इथे डिझायनरपेक्षा कारकून जास्त व्हावं लागतं.

मद्यांसाठी अन्नसुरक्षेचे २०१८ चे नियम आहेत, १ एप्रिल २०१९ पासून लागू. इशारा इंग्रजी मोठ्या अक्षरांत हवाच, आणि २०० मिलीपेक्षा मोठ्या बाटलीवर त्या अक्षरांची उंची किमान ३ मिमी. वाचायला लहान आकडा वाटतो. पण ३ मिमी म्हणजे साधारण १२ पॉईंटचा फॉन्ट आणि ७० मिमी रुंदीत ते वाक्य चार ओळी खातं. मागच्या लेबलवरची सगळ्यात मोठी अक्षरं तीच. त्याखाली अल्कोहोलचं प्रमाण, सल्फाइटचा उल्लेख, उत्पादकाचा पत्ता, १४ अंकी परवाना क्रमांक, निव्वळ मात्रा, बॅच, किंमत. उरलेल्या जागेत बागेविषयी तीन ओळी.

दादांनी त्या तीन ओळींत एक स्वतःची घातली होती: "हृदयासाठी उत्तम." काढली. मद्याच्या लेबलवर आरोग्याचा कुठलाही दावा चालत नाही. "पण डॉक्टर लोक म्हणतेत की." म्हणू देत, बाटलीने म्हणायचं नाही.

बारकोड तांबडा हवा होता, शिराजला शोभेल म्हणून. स्कॅनरचा प्रकाशच तांबडा असतो, त्याला तांबड्या रेघा पांढऱ्या दिसतात, तो काही वाचणार नाही. बारकोड काळा.

२७ जून

पहिले नमुने, शहरातल्याच एका डिजिटल सेंटरवर साध्या क्रोमो, म्हणजे चकचकीत कागदाच्या स्टिकरवर काढलेले. फक्त आकार बघायला. बाटलीवर बरे दिसले.

मग बर्फाची परीक्षा. बादलीत पाणी, बर्फ, बाटली आत, घड्याळ लावलं. पंधराव्या मिनिटाला पांढरा कागद राखाडी पडला, मागची हिरवी काच त्यातून दिसू लागली. चाळिसाव्या मिनिटाला फुगे. तासाभराने बोटाने ओढलं तर ओल्या पापडासारखं हातात आलं. शेनिन थंडच पिणार लोक. म्हणजे हॉटेलच्या टेबलावर, गिऱ्हाईक बघत असताना, आपलं लेबल बादलीत तरंगणार.

उरलेले नमुने दादा घेऊन गेले. त्यातलं एक त्यांनी शेततळ्यावरच्या मोटरच्या स्टार्टरच्या पेटीवर लावलं म्हणे.

४ जुलै

दादांचा फोन: "ताई, पहिल्याच पावसात गेलं बगा. नुसता गोंद राहिलाय."

माझ्या बादलीपेक्षा ही परीक्षा कडक. ऊन, वारा, पाऊस, धूळ.

९ जुलै

कागद ठरला. ओल्यात टिकणारा, म्हणजे लगदा तयार होतानाच त्यात राळ मिसळलेला, त्यामुळे भिजला तरी तंतू सुटत नाहीत. वरून किंचित खरबरीत, कापडासारखा हात लागतो. मागे पांढरा अडसर आहे, त्यामुळे भिजल्यावर काच आरपार दिसत नाही. कायमचा ॲक्रिलिक गोंद, खाली पिवळसर सिलिकॉन लावलेला ग्लासिन, म्हणजे स्टिकर ज्यावरून सोलतात तो गुळगुळीत कागद. पुण्याच्या व्यापाऱ्याकडून ताव कापून मिळतील.

इथे मोठा निर्णय झाला. व्यापाऱ्याने सुचवलं की रोलवरच छापा, मशीनने लावा. रोलवर छापणारी फ्लेक्सोची किंवा रोल ऑफसेटची मशीनं एका फेरीत छपाई, फॉइल (सोनेरी पन्नी), उठाव, कटिंग सगळं करतात, काम सुंदर होतं. पण दोन प्रकार, एकूण २,४०० बाटल्या. मशीन जुळवेपर्यंतच शे-दोनशे मीटर कागद वाया जातो, शिवाय गोल डायचा, म्हणजे लेबल कापायच्या साच्याचा खर्च. वहिनींनी कागदावर आकडे मांडले आणि पेन खाली ठेवलं. संपलं.

मग गुलमंडीच्या मागच्या गल्लीतला तो प्रेस आठवला, जिथे लग्नपत्रिका छापतात. तावावर ऑफसेट, मग फॉइल, मग उठाव, मग पंचिंग, सगळं हाताने भरून. फॉइलच्या बाबतीत लग्नपत्रिकावाल्यांचा हात धरेल असा कारागीर या शहरात दुसरा नाही. सोनेरी गणपतीच्या सोंडेतली बारीक रेघ ते रोज काढतात.

१७ जुलै

प्रेसवाल्या चाचांनी कागद हाताळला, उन्हात धरला, कोपरा चावला. (खरंच चावला.) म्हणाले, "कागज अच्छा है बेटा. पर पन्नी को मस्ती कराएगा."

फाईल त्यांच्या कॉम्प्युटरवर उघडली आणि नावातली वेलांटी उडून पलीकडच्या अक्षरावर जाऊन बसली, जोडाक्षर फुटलं. जुन्या सॉफ्टवेअरला युनिकोड देवनागरी कळत नाही. चूक माझीच, अक्षरांचे कर्व्ह करून, म्हणजे टाईपऐवजी नुसत्या रेषाकृती करून द्यायला हवे होते. घरी येऊन केले. मागच्या लेबलचा मराठी मजकूरही कर्व्ह केला आणि मग एकेक शब्द मोठ्याने वाचून तपासला, कारण कर्व्ह झाल्यावर चूक सापडली तरी टाईप करून दुरुस्त करता येत नाही.

२२ जुलै

मसुदा उत्पादन शुल्काच्या मंजुरीसाठी दिला. मंजुरीनंतर मजकुरातला एक आकडा जरी बदलला तरी पुन्हा मंजुरी, म्हणून अल्कोहोलचा आकडा प्रयोगशाळेच्या शेवटच्या अहवालावरून घेतला. आधी तोंडी १२.५ सांगितला होता, अहवालात १२.८ निघाला.

५ ऑगस्ट

फॉइलचा दिवस. संपूर्ण दिवस प्रेसमध्ये.

दादांच्या समाधानासाठी दहाही चौकोन सोन्यात काढायचं ठरवलं होतं. रेघ ०.१५ मिमी, दोन रेघांमध्ये आतल्या बाजूला ०.२ ची फट. स्क्रीनवर झकास. मॅग्नेशियमचा ब्लॉक (चित्राचा ठसा) आला, ट्रेडलला, म्हणजे हाताने ताव भरायच्या मशीनला बसवला, तापमान ११० वर. पहिला ताव: आतले चार चौकोन भरून एकच सोन्याची वडी. फॉइल म्हणजे पातळ फिल्मवर धातूचा थर. गरम ब्लॉकने दाबलं की दाबलेल्या जागी थर सुटून कागदाला चिकटतो. फट बारीक असली की तो तुटत नाही, पूल बांधून पलीकडे जातो.

चाचांनी तापमान उतरवलं. पूल तुटले, पण आता बाहेरच्या रेघा तुटक झाल्या. कागद खरबरीत, म्हणजे त्यात डोंगर-दऱ्या. ब्लॉक डोंगरावर टेकतो, दरीत पोचत नाही. दाब वाढवला तर दरीत पोचतो, पण मग मागच्या ग्लासिनवर खड्डा दिसतो आणि गोंद कडेने बाहेर सरकतो. दाब, उष्णता, वेळ: तीन किल्ल्या, आणि एक फिरवली की दुसरी हलते. चाचांनी ब्लॉकखाली टिश्यूचे कागद लावले, काढले, पुन्हा लावले, जिथे रेघ कच्ची तिथे एक थर जास्त. दुपारी दोनपर्यंत चाळीस ताव गेले.

मग ते मला म्हणाले, "बेटा, शादी के कार्ड में दूल्हे का नाम सोने में रहता. पूरे खानदान का नहीं."

फोनवर दादांना सांगितलं. सोन्याची एकच रेघ, सहावी, ०.४ मिमी जाड. बाकीच्या नऊ दाबून खोलगट, रंगाशिवाय, फक्त उजेडात दिसतील अशा. थोडा वेळ शांतता. मग दादा: "म्हंजे सोनं फक्त पाण्याला?" हो. "चालतंय मग."

माझी मूळ कल्पना तीच होती. दादांसाठी मी ती विसरले होते आणि कागदाने परत आठवण करून दिली. आता दरवर्षी फक्त एक छोटा ब्लॉक बदलायचा, बाकी सगळं तेच. वहिनींना हे सांगितल्यावर त्या लगेच म्हणाल्या, "हे आधीच का नाई केलं?"

८ ऑगस्ट

रंग. शेनिनला काळ्या मातीचा करडा, शिराजला त्याच्यासोबत गडद डाळिंबी. चकचकीत कागदावरच्या नमुन्यात डाळिंबी रंग जिवंत होता. खऱ्या कागदावर छापल्यावर विटकरी झाला. बिनचकाकीचा कागद शाई पितो, ठिपके पसरतात, रंग खोल जातो. चार रंगांच्या ठिपक्यांतून तो रंग काढायचा नाद सोडला. शाई मिसळून वेगळा स्पॉट रंग केला, खरडून खऱ्या कागदावर वाळवला, मग ठरवला. ओली शाई आणि वाळलेली शाई या दोन वेगळ्या बायका आहेत, असं मशीनवरचा मुलगा म्हणाला. नोंदवून ठेवतेय, सहमत आहे असं नाही.

ट्यूबलाईटखाली जुळलेला रंग दारात नेला तर तांबूस. शेवटचा निर्णय दुपारी, दारात.

१३ ऑगस्ट

छपाई. ताव दोन दिवस प्रेसच्या हवेतच उघडे ठेवले होते, कारण हवेत पाणी इतकं आहे की बंद पाकिटातून काढलेला कागद मशीनवर वळतो आणि रंग रंगावर बसत नाही. या कागदावर शाई हळू वाळते, म्हणून उंच थप्पी लावली नाही. लावली असती तर खालच्या तावांची छाप वरच्यांच्या पाठीवर उमटली असती.

२० ऑगस्ट

पोळ्याच्या आत काम उरकायचं होतं, राहिलं.

चोवीस बाटल्यांना नमुना लेबलं लावून खोक्यात घालून दादांच्या गाडीतून जालन्याहून इकडे आणली. साठेक किलोमीटर. खोका उघडला तर करड्या रंगावर पुठ्ठ्याच्या कप्प्याने ओढलेले पांढरट ओरखडे. म्हणून मॅट वार्निशचा पातळ हात द्यावा लागणार. पण वार्निशवर फॉइल धरत नाही. तेव्हा वार्निशच्या प्लेटमध्ये सोनेरी रेघेच्या जागी खिडकी ठेवली, दोन्ही बाजूंना अर्धा मिमी जास्त. वार्निशनंतर कागदाचा खरबरीतपणा थोडा मेला, तेवढं दुःख आहे.

२ सप्टेंबर

गणपतीत प्रेस अर्धा दिवसच चालू. फॉइल, खोलगट रेघा झाल्या. चाचांनी ताशी वेग मुद्दाम कमी ठेवला.

९ सप्टेंबर

हाफ कट. म्हणजे लेबल कापायचं, खालचं ग्लासिन नाही. प्लायवुडमध्ये पोलादी पट्ट्या बसवलेली डाय. जरा कमी दाब पडला तर सोलताना कडेचे तंतू ओढले जातात, जास्त पडला तर ग्लासिनही कापलं जातं आणि सोलताना सगळं एकत्र हातात येतं.

तपासायची युक्ती: दर पन्नासाव्या तावावरून लेबल सोलायचं, ग्लासिनवर मार्करची शाई घासायची आणि उलटं करून बघायचं. जिथे पातं आत गेलंय तिथे शाई पाठीमागे झिरपून रेघ दिसते. पहिल्या तावावर वरच्या डाव्या कोपऱ्यात स्पष्ट चंद्रकोर होती. त्या कोपऱ्याखालचं पॅकिंग अर्धवट सोलून काढलं, मग चंद्रकोर गेली.

वाया जातील म्हणून १० टक्के जास्त छापली होती. मोजली: फॉइलमध्ये गेलेली, हाफ कटमध्ये गेलेली धरून चांगली २,४७१ उरली.

१५ सप्टेंबर, बाग

लावायचा दिवस. गावच्या सुताराकडून लाकडी घोडी करून घेतली होती: बाटली आडवी ठेवायची, बूड एका फळीला टेकवायचं, लेबलच्या खालच्या कडेची खूण लाकडावर. बाटलीच्या साच्याचा जोड दोन बाजूंना असतो, डोळ्याला दिसत नाही पण अंगठ्याला लागतो. लेबल त्या जोडावर आलं तर तिथे हवा राहते. दादांनी पहिल्या बाटलीवर अंगठा फिरवून जोड धरला तो शेवटपर्यंत चुकला नाही. घडावर बोट फिरवून मण्याचा आकार सांगणारा माणूस आहे.

पण सकाळचे दोन तास फुकट. बाटल्या थंड खोलीतून थेट बाहेर आणल्या, बाहेरच्या दमट हवेत त्यांना घाम फुटला. पुसून लावलं तरी लेबल पाण्यावर सरकत होतं. गोंदाला कोरडी काच लागते आणि पूर्ण धरायला एक दिवस लागतो. साठ लेबलं वाया. उरलेल्या बाटल्या हॉलमध्ये पंखे लावून रात्रभर ठेवल्या.

१६ सप्टेंबर

वहिनी आणि चार जणी. मधून चिकटवायचं, मग मऊ फडक्याने बाहेरच्या बाजूला. दुपारपर्यंत हात बसला. मला कुणी लेबल लावू देईना, कारण मी तिरकी लावते. संध्याकाळी सात वाजता १,७०० च्या पुढे. उद्या मुक्तिसंग्राम दिनाची सुट्टी, झेंडावंदन झाल्यावर बाकीच्या.

निघताना दादांनी घामेजलेल्या बाटलीवरचं खराब झालेलं एक लेबल मागून घेतलं. कशाला ते विचारलं नाही.

१८ सप्टेंबर

शेनिनची एक बाटली बर्फात. चार तास. कागद ओला झाला, गडद दिसला, पण फुगा नाही, सुरकुती नाही. सोनेरी रेघ ओल्या कागदावर उलट जास्त दिसते. वाळल्यावर पूर्ववत.

३० सप्टेंबर

गेला आठवडाभर पाऊस. मराठवाड्यात सगळीकडे नद्या पात्राबाहेर, माणसांचे, जनावरांचे हाल. लेबलविषयी कुणाला काही विचारायची ही वेळ नव्हती. दादांना फक्त बाग कशी आहे ते विचारलं. "पानं गेली, मुळ्या बुडल्यात. बघू. तळं मात्र काठोकाठ."

पुढच्या वर्षीच्या ब्लॉकची फाईल उघडली आणि दहावा चौकोन सोनेरी करून बघितला. पण माल निघेपर्यंत पाणी कुठे असेल ते फेब्रुवारीतच कळेल. फाईल बंद केली.

७ ऑक्टोबर

वहिनींकडे शेवटचं बिल द्यायला गेले होते. लेबलं, डाय, ब्लॉक, वाया गेलेले चाळीस ताव, सगळं धरून एका बाटलीला किती पडलं ते त्यांनी आधीच काढून ठेवलं होतं, माझ्या आकड्याशी बारा पैशांचा फरक. फरक माझ्या बाजूने चुकलेला.

मग तळ्यावर गेलो. स्टार्टरच्या पेटीवर, जुन्या गोंदाच्या डागाशेजारी, दादांनी मागून घेतलेलं ते लेबल. तीन आठवडे उघड्यावर, त्यातला एक आठवडा संततधार. करडा रंग थोडा उडालाय. नाव वाचता येतं. रेघ चमकतेय. वरचा उजवा कोपरा उचललाय, पट्टी लावून बघितलं: २ मिमी.

"तिकडून वारा येतो," दादा म्हणाले.